काका, रेडिओचा आवाज कमी करा!

नकला करण्यात माझा हात धरणारा अख्ख्या कचेरीत कोणी नाही! एकदा मी आमच्या साहेबांच्या आवाजात शिपायाला तीन दिवसांची रजा मंजूर केली होती. शिपाई रजा भोगून परतसुद्धा आला, तरी साहेबांना पत्ता नाही! त्यामुळे बाबांच्या आवाजात रेडिओवर दोन मिनिटं बोलायचं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ, असं मी ताईला छातीठोकपणे सांगितलं.

बाबांना स्वतःला बोलता येणार नव्हतं. घशाच्या कॅन्सरमुळे डॉक्टरांनी त्यांचं स्वरयंत्रच काढून टाकलं होतं. गळ्याला भोक, नाकात नळी, उशाशी पाटी-पेन्सिल. शुद्धीवर आले तेव्हा आम्ही सगळे त्या पाटीकडे डोळे लावून बसलो. बाबांनी लिहिलं, 'वार कोणता?'

"गुरुवार," ताई म्हणाली. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच!

कारण आमचे बाबा म्हणजे रेडिओवरचे 'बुधवारवाले काका'. 'बोला, ऐकतोय' हा कार्यक्रम गेली छत्तीस वर्षं रोज सकाळी दहाला लागतो. लोक फोन करून गाऱ्हाणी सांगतात आणि निवेदिका बाई त्या त्या खात्याच्या साहेबांना स्टुडिओत बोलावून धारेवर धरतात. बाई भलत्या कडक! त्यांच्याकडे पाठपुराव्याची वही आहे. ज्याचं गाऱ्हाणं त्यानेच दर आठवड्याला स्वतः फोन करायचा. ओळीने तीन आठवडे फोन आला नाही, की वहीत काट! बाबांनी अकरा वर्षं एकही बुधवार चुकवला नव्हता. आता ऑपरेशनच्या भानगडीत दोन गेले होते आणि तिसरा उद्यावर आला होता.

"जास्त शहाणपणा करू नकोस," ताईने बजावलं. "'आमचं तेवढं बघा' एवढंच म्हण आणि ठेवून दे."

गाऱ्हाणं कसलं, हे मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत मी ते ऐकलंच नव्हतं. दहा वाजता मी कचेरीत. कधी रजेवर घरी असलो तर, "बाबा, तो रेडिओ बारीक करा हो!" एवढंच आमचं संभाषण. ते कधी बारीक करायचे नाहीत, ती गोष्ट वेगळी. गटाराबिटाराचं काहीतरी असणार, असं मी धरून चाललो.

बुधवारी बाबा वॉर्डात कानाला इयरफोन लावून ट्रान्झिस्टर पोटाशी घेऊन पडले होते. ताई शेजारी. मी जिन्याजवळच्या खिडकीत, कारण रेंज तेवढीच. बाबांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. अचानक आपलाच आवाज ऐकून खूश होतील, ही माझीच अक्कल!

पंचवीस वेळा फोन लावला तेव्हा कुठे लागला.

"बोला, ऐकतोय!"

मी बाबांसारखा तीनदा खाकरलो. "नमस्कार बाई! बुधवारवाला बोलतोय!"

"काका! अहो, दोन बुधवार होतात कुठे? आम्ही इथे काळजीत!"

काय सांगू, बाईंना शंकासुद्धा आली नाही! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. इथेच 'आमचं तेवढं बघा' म्हणून फोन ठेवायचा होता. पण नाही!

"मुलाने सहलीला नेलं होतं बाई. फार गुणी मुलगा! बापाला नुसता तळहातावर झेलतो!"

"अरे वा! आणि काका, आज खास तुमच्यासाठी वाहतूक खात्याचे साहेब आलेत बरं का."

वाहतूक? गटाराशी वाहतुकीचा काय संबंध?

"काका, तुमच्या चौकाची फाइल बघितली," साहेब म्हणाले. "तिथे सिग्नल बसवणं तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे. त्यापेक्षा आम्ही 'वाहने सावकाश चालवा' असा छान फलक लावतो. चालेल ना?"

मी जन्माचा कारकून! साहेबी आवाज कानावर पडला की माझी जीभ एकच वाक्य जाणते. "चालेल की साहेब! तुम्ही म्हणाल ते!"

"ऐकलंत ना बाई? काकांचं समाधान झालं. आता मारा वहीत काट!"

बाई हळूच म्हणाल्या, "काका, अकरा वर्षं तुम्ही सांगताय, माझी बायको त्या चौकात गेली, तशी दुसऱ्या कोणाची जाऊ नये. आणि आज फलकावर भागवताय?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. माझी आई! शाळेपुढच्या त्या चौकात ट्रकने उडवली तिला. तेव्हापासून मी त्या चौकात पाऊल ठेवलेलं नाही. कचेरीला लांबच्या रस्त्याने जातो आणि घरात कोणी विषय काढला, की उठून जातो. मग बाबांनी तो काढायचा तरी कोणापुढे? म्हणून ते रेडिओपुढे काढत होते. आणि मी त्यांना रेडिओ बारीक करायला सांगत होतो.

इतक्यात मागे खडखडाट झाला. बघतो तर सलाइनचा स्टँड ओढत बाबा येतायत! मागे ताई, तिच्यामागे "आजोबा, पडाल!" ओरडत नर्स. बाबांच्या डोळ्यांत नुसता जाळ. शिव्या घालायला आवाज नव्हता. त्यांनी इयरफोनची वायर उपटली, बटण पूर्ण फिरवलं आणि ट्रान्झिस्टर माझ्या फोनवर दाबून धरला.

कुईईईईई! फोनशेजारी रेडिओ मोठा केला, की वाजते तीच कर्कश शिट्टी! सफाईवाल्या बाईंच्या हातून बादली पडली. शेजारच्या वॉर्डातला प्लास्टरवाला चक्क उठून बसला!

"काका, रेडिओचा आवाज कमी करा!" बाई सवयीने ओरडल्या आणि एकदम थबकल्या. "थांबा! हे आमचे काका! अकरा वर्षांत एकदासुद्धा कमी केलेला नाही त्यांनी. मग इतका वेळ बोलत होता तो कोण?"

"मी... मुलगा," मी माझ्या आवाजात म्हणालो. "बाबांना आता बोलता येत नाही हो बाई. कधीच येणार नाही." आणि मला रडू फुटलं. बापाला तळहातावर झेलणारा गुणी मुलगा सगळ्या श्रोत्यांसमोर भोकाड पसरून रडत होता!

"काका," बाई म्हणाल्या, "फलक चालेल?"

बाबांनी ट्रान्झिस्टर लांब नेला. चिडीचूप.

"सिग्नलच हवा?"

कुईईईईई!

"अहो, पण तांत्रिकदृष्ट्या..." साहेब म्हणाले.

कुईईईईईईईई!

"नोंद वहीत राहील," बाई म्हणाल्या.

सिग्नल अजून बसलेला नाही. खांब तेवढा आलाय, चौकाच्या कडेला आडवा पडलाय. मी रोज बघतो, हल्ली त्याच रस्त्याने जातो ना!

आणि बाबा मला काय म्हणाले, ते राहिलंच. त्या संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावून पाटी घेतली. लिहिलं, 'पुढच्या बुधवारी फोन तूच लाव.' माझा ऊर भरून आला! बापाने पोराला माफ केलं! मी डोळे पुसेपर्यंत त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या.

'बोलू नकोस.'