डोंगराचा पुढा

सोपानराव टेलरच्या मते सदऱ्यासारखाच डोंगरालाही पुढा आणि पाठ असते, आणि पाठीचा फोटो काढणं म्हणजे गिऱ्हाइकाला सदरा उलटा घालून घरी पाठवणं.

शेवगावात त्यांचं दुकान आमच्या शेजारीच. माणूस भेटला की आधी खांदे बघणार, मग चेहरा. माझी ओळखसुद्धा "हे गुरुजी, डावा खांदा जरा उतरता हाय," अशी करून द्यायचे.

पंच्याण्णवच्या आसपास उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही नवराबायको जीप ठरवून भंडारदऱ्याला निघालो. तर हा गृहस्थ ऐन लग्नसराईत दुकानाला कुलूप घालून पुढच्या सीटवर हजर! गळ्यात भाच्याचा कॅमेरा, आणि दुकानात नवरीमुलींचे ब्लाउज बिनबाह्यांचे लटकलेले.

"लोक शिव्या देतील," मी म्हटलं.

"देऊ द्या. लग्नं दर साली हायेत."

संगमनेर मागे पडलं, अकोले गाव ओलांडलं, डोंगर सुरू झाले आणि आमचे हालही. दर वळणावर "थांबव!" खाली उतरायचं, एक डोळा मिटायचा, मान हलवायची. "पाठ हाय." परत गाडीत. पुढच्या वळणावर, "नुसती बगल दिसतीय."

ड्रायव्हर वैतागला. "काका, डोंगराला कसली आलीय पाठ?"

"तुला कळत न्हाई, म्हनून तर रेडिमेड प्यांट घालतो तू!"

धरणाजवळ आमची सौ. नवी साडी सावरून उभी राहिली. सोपानराव कॅमेरा पोटाशी धरून म्हणाले, "वहिनी, तुमचा फोटो शेवगावातबी निघंल. डोंगर निघंल का?" सौ.चा चेहरा जो उतरला तो जेवेपर्यंत वर आला नाही. मीही चिडलो. रोल कोरा, ऊन डोक्यावर, आणि पैसे भरून आम्ही डोंगरांच्या पाठी मोजत हिंडतोय!

दुपार कलल्यावर त्यांनी जीप एका वाडीत घालायला लावली. एका कौलारू घरापुढे उतरून आतल्या अनोळखी बाईला हात जोडले. "माउली, घटकाभर बसू का हितं?" आधी ओट्यावर बसले. मग खाली सरकून पायरीवर उकिडवे झाले आणि कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणला. समोर डोंगर होता.

"आमची मंडळी पोर असताना हितं बसून तांदूळ निवडायची," ते मला म्हणाले. "लगीन होऊन शेवगावात आली, तर पहिल्याच दिवशी इचारती, हितं दिवस मावळतो कशाच्या मागं? आता तुमीच सांगा, गुरुजी. आपल्याकडं समदं सपाट, कशाच्या मागं मावळतोय?"

त्यांच्या मंडळींच्या, म्हणजे आमच्या सरूवहिनींच्या भावानं हे घर विकून मुंबई गाठली होती. माहेर असं उरलंच नव्हतं, आणि आता कंबरेच्या दुखण्यानं त्यांना गाडीचे धक्के सोसत नव्हते. सूर्य डोंगराआड जाईपर्यंत सोपानरावांनी अख्खा रोल त्या एका पायरीवरून संपवला. माझा राग कुठल्या कुठे गेला. सौ.नेही फोटोचा विषय पुन्हा काढला नाही.

फोटो धुऊन आले त्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. दुकानामागेच घर. निम्मे फोटो काळे, काहींत सोपानरावांचं बोट. पण एक नीट आला होता. तो त्यांनी वहिनींच्या हातात दिला आणि पहिल्यांदा कापड कापणाऱ्या पोरासारखे बाजूला उभे राहिले. बरोबर आलाय का, हे विचारायचा धीर होईना.

वहिनींनी फोटोवरून बोट फिरवलं. "ही करवंदाची जाळी. आन् ह्या वाटंनं आई यायची मोळी घिऊन."

इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांना डोक्यावर पदर नसताना कधी पाहिलं नव्हतं. सासरी त्या पिढीतली बाई तशी बसतच नाही. बघता बघता पदर खांद्यावर घसरला, आणि मी परका माणूस समोर असून त्यांनी तो सावरला नाही. सोपानरावांनी मला डोळ्यांनी खुणावलं. आम्ही दोघं आवाज न करता बाहेर येऊन ओट्यावर बसलो.

एक गिऱ्हाईक आलं आणि वहिनी आहेत का म्हणून विचारू लागलं, हुकांचं काम त्याच करायच्या.

"उद्या या," सोपानराव हळू आवाजात म्हणाले. "आमची मंडळी म्हायेरी गेलीय."