देवेश सरांचा गुडघा

ग्लास काठोकाठ भरलेला, वर बर्फ तरंगतोय, खाली कोरडा टॉवेल. बर्फ वितळला की पाणी सांडणार, असं विज्ञानाच्या देवेश सरांनी सातवीच्या वर्गाला छातीठोकपणे सांगितलं होतं. मागच्या बाकांवर केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांतले गणित-विज्ञानाचे शिक्षक आणि केंद्रप्रमुख गुरुदत्त साहेब. आज ज्याचा पाठ रंगेल तो केंद्राचा मार्गदर्शक होणार होता. सरांनी तर घरी पेढेही वाटून टाकले होते.

पाठ मूळचा ठाकुर्लीच्या शाळेतल्या जागृती मॅडमचा. त्यांनी तो शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला. नियम असा, की पाठ वाचायचा, स्वतः करून बघायचा, चुका काढायच्या, मगच वर्गात न्यायचा. ग्रुपवर नुसते अंगठे पडले. पहिला देवेश सरांचा. एकमेकांकडून शिका म्हटलं की मास्तर अंगठा दाखवतात आणि पोरांना म्हणतात, अभ्यास करा.

बर्फ चण्याएवढा उरला. टॉवेल कोरडाच.

"सर, सांडत नाहीये," पहिल्या बाकावरची सान्वी म्हणाली.

"थांब गं. विज्ञानाला वेळ लागतो."

चणाही विरघळला. पाणी जिथल्या तिथे. सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. फळ्याकडे वळता वळता त्यांनी टेबलाला गुडघा मारला. टॉवेल भिजला.

"बघितलंत?"

मागे टाळ्या पडल्या.

"पण सर, तुम्ही तर..."

"लिहून घे."

सान्वीने मान खाली घालून लिहून घेतलं. सरांना तिच्याकडे बघवेना.

मग चर्चा. वडापाव आलेला.

"काही सूचना?" साहेबांनी विचारलं.

"छान झाला पाठ."

"छानच."

"मग देवेश सरच मार्गदर्शक. हाच पाठ सगळ्या शाळांत घ्या."

जागृती मॅडम चहा घेऊन सरांच्या शेजारी येऊन बसल्या. "बर्फ वितळून पाणी वाढत नाही, सर. ती चूक मी मुद्दाम घातलेली. कोण करून बघतंय ते कळावं म्हणून."

सरांनी वडापाव खाली ठेवला. "मग आत्ता बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलेले."

सरांनी तोंड उघडलं. साहेब हसून त्यांच्याकडेच बघत होते. सरांनी तोंड मिटलं.

"सुरुवात कुठून करताय मग?" साहेब म्हणाले.

"आमच्याकडूनच करा की," जागृती मॅडम म्हणाल्या. "आमच्या प्रयोगशाळेतली टेबलं जमिनीत सिमेंटने बसवलेली आहेत."