पेटी कोणाची, पंजे कोणाचे?

"पत्त्यात हरायले का अक्कल लागते काय, बापा? आपन तं झोपेतही हारून दाखवतो!"

असं मनसारामने छाती ठोकून सांगितलं आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. माणसाने जिंकायच्या बढाया माराव्यात, हरायच्या मारू नयेत. जिंकणं आपल्या हातात नसतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण हरणंही आपल्या हातात नसतं, हे मनसारामला त्या रविवारी कळलं!

मनसाराम म्हणजे पोंभुर्ण्याच्या पलीकडे, जंगलातल्या विश्रामगृहाचा खानसामा. चौकीदारही तोच, माळीही तोच. आणि तेरा वर्षं रोजंदारीवर! चूल सरकारची, किटली सरकारची, पलंगातले ढेकूणसुद्धा सरकारचे, फक्त मनसाराम तेवढा सरकारचा नाही. त्याला कायम करायचा प्रस्ताव तीनदा वर गेला आणि तीनदा कुठल्याशा कपाटात झोपला. आता चौथ्यांदा निघाला होता. तोही साध्यासुध्या टपालाने नाही, तर खुद्द नव्या मोठ्या साहेबांच्या बॅगेतून! राजाध्यक्ष साहेब तपासणीला आले होते आणि तो कागद व्हरांड्यातल्या टेबलावर, काचेच्या गोळ्याखाली फडफडत होता. एक सही, बस! मनसाराम चहा ठेवायच्या निमित्ताने सकाळपासून सात वेळा तो कागद बघून आला होता.

शनिवारी साहेबांच्या जीपची क्लच प्लेट गेली. ड्रायव्हर बसने चंद्रपूरला गेला तो गेलाच. अठ्ठ्याण्णव साल उजाडलं तरी तिथे फोन नाही की टीव्ही नाही. साहेब रविवारी दुपारी व्हरांड्यात येरझाऱ्या घालून घालून कंटाळले आणि त्यांची नजर भिंतीतल्या देवळीकडे गेली.

"मनसाराम! हे काय आहे?"

"उदबत्तीचं घर हाये, साहेब."

झालं होतं असं, की कोण्या इंग्रजाच्या काळातली भोकाभोकांची एक लाकडी पट्टी माळ्यावर पडून होती. मनसारामच्या बायकोने, म्हणजे ताराबाईने, ती घासूनपुसून देवापुढे ठेवली. शंभरावर भोकं! दिवाळीला निम्म्यांत उदबत्त्या लावल्या, तेव्हा धुराने गणपती दिसेनासा झाला होता.

"अरे, हा क्रिबेजचा बोर्ड आहे!" साहेब लहान पोरासारखे ओरडले. "माझे वडील बोटीवर होते, त्यांनी शिकवलाय मला हा खेळ. तीस वर्षांत या खात्यात एक जोडीदार मिळाला नाही. तुला पत्ते येतात?"

"येते ना, साहेब! रमी येते, मेंढीकोट येते..."

"बस्स! पत्त्यांचा कॅट आण!"

कॅट आणायला मनसाराम आत धावला, तर दारातच वनरक्षक प्रफुलने त्याचा हात धरला. प्रफुल बारावी पास, त्यामुळे त्या जंगलातला सगळ्यात हुशार माणूस तोच, असं त्याचं स्वतःचं मत होतं.

"मनसारामभाऊ, हारजो बरं! मांगच्या ठिकानी एका क्लार्कानं या साहेबाले कॅरममध्ये हरवलं. आठ दिवसात त्याची बदली सिरोंच्याच्या पल्याड!"

तेव्हा मनसारामने ती झोपेतली बढाई मारली.

खेळ सुरू झाला. साहेबांनी पानं पिसली, सहा-सहा वाटली आणि नियम सांगायला लागले. "हे बघ. सहातली चार ठेवायची, दोन टाकायची. तुझी दोन, माझी दोन, मिळून एक पेटी. जो पानं वाटेल त्याची पेटी, तिचे गुण त्याला. पंधरा बेरीज झाली की दोन गुण. जोडी झाली की दोन. ओळीने पानं आली की तेवढे गुण. शिवाय गड्डीतलं वरचं एक पान उघडायचं, ते दोघांच्याही हिशेबात धरायचं. चित्रं सगळी दहाची. म्हणून पंजा फार मोलाचा, कारण दहा नि पाच पंधरा! गुण मोजायला या भोकांत उदबत्तीची काडी पुढे सरकवायची, एकशे एकवीस आधी गाठेल तो जिंकला. समजलं?"

"समजलं, साहेब."

काय समजलं होतं त्याला? कप्पाळ! रमीत राजा मोठा, इथे राजा आणि दश्शी एकाच भावात! पण एक गोष्ट त्याने नीट पकडली. पंजा मोलाचा आणि पेटी साहेबांची.

आता इथे एक सांगितलं पाहिजे. मनसाराम ढिवराच्या घरचा. बाप, आजा, सगळे तळ्यावर मासोळी मारणारे. त्यांच्या घरची रीत अशी, की रोहू शिजली की तिचं डोकं पाहुण्याच्या ताटात जायचं. घरच्यांनी शेपटी चघळायची. पाहुण्याच्या वाट्याला काटे गेले तर बिरादरीत तोंड दाखवायची सोय नाही! मनसारामच्या हातात दोन पंजे आले होते. पाहुणा समोर बसलेला. विचार कसला करायचा? दोन्ही पंजे त्याने साहेबांच्या पेटीत टाकले आणि वर अदबीने म्हणालासुद्धा, "घ्या, साहेब."

साहेबांनी पेटी उघडली. एकट्या पेटीत सोळा गुण! पट्टीवर साहेबांची बांबूची काडी टणाटण उड्या मारत पुढे गेली.

"अरे, माझ्या पेटीत पंजे काय टाकतोस? समोरच्याच्या पेटीत कचरा टाकायचा!"

"तुमच्या पेटीत? कचरा?" मनसारामने दोन्ही कानांना हात लावले. आता साहेबाच्या पेटीत कचरा टाकून कोणी कायम झाल्याचं तुम्ही ऐकलंय का? त्यानेही ऐकलं नव्हतं.

पुढचा डाव मनसारामने वाटला. आता पेटी त्याची. साहेबांनी एक राजा आणि एक दुर्री तीत टाकली.

"आता तुझी पेटी आहे. चांगलं चांगलं टाक तीत," साहेब म्हणाले.

मनसाराम लाजेने अर्धा झाला. पाहुणा बघतोय आणि आपण आपल्याच ताटात माल ओढायचा? त्याने निवडून निवडून दोन अगदीच भिकार पानं स्वतःच्या पेटीत सोडली. पेटीत गुण किती? शून्य! पुढच्या डावात, साहेबांच्या पेटीत, मनसारामकडून सत्ता आणि अठ्ठा पडले, म्हणजे सरळ पंधरा! साहेबांची पेटी पुन्हा आली तेव्हा आणखी एक पंजा. मग साहेबांनी पानं खाली ठेवली. चष्मा काढला.

"मनसाराम, तू मुद्दाम हरतोयस."

"नाई, साहेब!"

"मला हांजी हांजी करणारी माणसं अजिबात चालत नाहीत! ऑफिसात चाळीस जण आहेत तसले. खरं खेळणार असशील तर खेळ, नाही तर..." असं म्हणून साहेबांनी काचेचा गोळा उचलला, तो कागद बघितला आणि गोळा पुन्हा ठेवला. मनसारामचं काळीज त्या गोळ्याखाली चेपलं.

"चा घेऊन येतो, साहेब," एवढंच बोलून तो आत पळाला.

स्वयंपाकघरात ताराबाई रोहूचे तुकडे तळत होती आणि प्रफुल ते मोजत होता.

"मेलो वं, मेलो!" मनसाराम पाटावर बसला. "हारलो तं साहेब म्हनते मुद्दाम हारते. जिंकलो तं सिरोंचा. आता का करू?"

"मंग जिंकू नोका अन् हारूही नोका," ताराबाई म्हणाली.

"तसं कसं होते?"

"मले का विचारता? मी का बोर्डावर बसली हावो? माह्या देवाचं उदबत्तीचं घर नेलं ते नेलं, वरून मलेच विचारते!"

"थांबा, भाऊ," प्रफुल पुढे सरसावला. "खरं खेळल्यासारकं दिसलं पाह्यजे, बस. मी खिडकीत उभा राह्यतो. तुमी पत्त्यायवरून बोट फिरवा. टाकाच्या पत्त्यावर बोट आलं का मी खोकलतो."

"तुले येते काय हा खेळ?"

"येत नाई. पन मी बारावी झालो हावो!"

बुडत्याला काडीचा आधार. मनसाराम चहा घेऊन बाहेर आला. साहेबांनी पानं वाटली. स्वयंपाकघराच्या खिडकीत, मनसारामच्या पाठीमागे, प्रफुल उभा राहिला. आणि त्याचवेळी ताराबाई, आपल्या नवऱ्याचं काय होतंय या काळजीने, तळण तसंच तव्यावर सोडून दाराच्या फटीला कान लावून उभी राहिली.

मनसारामने पहिल्या पानावर बोट ठेवलं. प्रफुल खोकला. पान पेटीत. दुसऱ्यावर बोट ठेवलं. प्रफुल पुन्हा खोकला. झाली दोन! मनसारामने सुटकेचा निःश्वास टाकला, तर प्रफुल परत खोकला. आणि परत! तव्यावरच्या रोहूचा कोळसा झाला होता आणि सगळा धूर खिडकीतून प्रफुलच्या नाकातोंडात चालला होता. बिचारा डोळे पुसत, छाती धरत ठसकत होता. पण मनसारामला काय ठाऊक? बारावी पास माणूस विचार करूनच खोकलत असेल! त्याने निमूटपणे तिसरं पान टाकलं, चौथं टाकलं, पाचवं टाकलं. सहावं टाकून रिकामे हात मांडीवर ठेवून बसला.

साहेबांनी पेटीतली पानं मोजली.

"सगळी टाकलीस?"

"हाव, साहेब."

"अरे, चार ठेवायची असतात! आता खेळणार कशानं? बोटांनी?"

"तुमी म्हनान तं बोटानं खेळतो, साहेब!"

साहेबांनी शांतपणे खिशातलं पेन काढलं, त्याचं टोपण घट्ट बसवलं आणि पेन परत खिशात ठेवलं. आरडाओरडा केला असता तर मनसारामला बरं वाटलं असतं. "हा शेवटचा डाव. यात मला खरा मनसाराम दिसला पाहिजे. नाही दिसला, तर हा कागद जसा आणला तसा परत नेणार."

पानं वाटून झाली. पेटी साहेबांची. साहेबांची काडी एकशे सोळावर, मनसारामची कशीबशी चौऱ्याहत्तरवर. जिंकायचा प्रश्नच नव्हता, पण आता जिंकण्या-हरण्याचं कोणाला पडलं होतं?

मनसारामने सहा पानं हातात धरली आणि त्याच्या डोक्यात जत्रा भरली. पंजा मोलाचा. पेटी साहेबांची. साहेब पाहुणा. पाहुण्याला चांगलं. पण साहेब म्हणतो कचरा टाक. कचरा टाकला तर खरा मनसाराम दिसेल? पण खरा मनसाराम तर पाहुण्याला कचरा देतच नाही! मग खोटा मनसाराम दाखवला तर साहेबाला खरा वाटेल का? आणि हातातली पानं... ती तर डोळ्यांत पाणी आल्यामुळे धड दिसतही नव्हती. तेरा वर्षं माणूस ज्या एका शब्दासाठी थांबला, तो शब्द दोन पत्त्यांवर येऊन अडकला होता. मनसारामला खरोखर रडू आलं.

शेवटी त्याने डोळे घट्ट मिटले, पानं उलटी केली, तळ्यावरच्या देवाला हाक मारली आणि हाताला लागली ती दोन ओढून टाकून दिली.

साहेब मात्र कौतुकाने बघत होते. हा माणूस डोळे मिटून केवढा खोल हिशेब करतोय, असं त्यांना वाटलं!

साहेबांनी गड्डीतून वरचं पान उघडलं. किलवरचा पंजा. पानं एकेक करून खेळून झाली, गुण मोजायची वेळ आली. मनसारामने आपली चार पानं मांडली. पंजा, पंजा, पंजा आणि किलवरचा गुलाम.

साहेब उठले. उठताना खुर्ची पडली, चहाचा कप पडला. ते टेबलावर वाकून एकेका पानावर बोट ठेवत मोजायला लागले, दोन, चार, सहा...

"एकोणतीस!" साहेब किंचाळले. "मनसाराम, एकोणतीस! याच्यावर या खेळात हातच नाही! माझ्या वडिलांनी आयुष्यभर खेळून कधी बघितला नाही रे हा हात!"

"चुकलं काय, साहेब?" मनसारामने हात जोडले.

साहेबांनी पेटीतली पानं उलटली. "चुकलं? अरे, तू राजा टाकलास आणि गुलाम ठेवलास! गुलाम नि उघडलेला पंजा एकाच रंगाचे, त्याचाच तर तो एकोणतिसावा गुण! कसं ओळखलंस?"

मनसाराम खोटं बोलणारा माणूस नव्हता. "साहेब, देवाशप्पथ सांगतो. मी पाह्यलोच नाई. हाताले लागलं ते टाकलो."

साहेब गदगदून हसले आणि त्याच्या खांद्यावर थाप मारली. "हेच! अस्सल खेळाडू असंच बोलतो! मघापासून मला झुलवत होतास ना, लबाडा?"

आणि त्यांनी पेन काढलं. नुसती सही नाही केली, तर कागदाच्या समासात पाच ओळी इंग्रजीत लिहिल्या. डाव कोणी जिंकला ते कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. प्रफुलने खोकत खोकत त्या ओळी वाचल्या. "भाऊ, लिवलं हाये का असा हुशार मानूस वाया जाऊ नये!"

दोन महिन्यांनी हुकूम आला. मनसाराम कायम! ताराबाईने गावभर साखर वाटली आणि हुकमाची दुसरी ओळ कोणी वाचून दाखवली तेव्हा उरलेली साखर डब्यात परत टाकली. नेमणूक होती साहेबांच्या शहरातल्या बंगल्यावर.

तेव्हापासून रोज संध्याकाळी बंगल्याच्या व्हरांड्यात डाव मांडला जातो. मनसाराम आता जीव तोडून खेळतो. बोटांवर पंधरा मोजतो, पेटी कोणाची ते साहेबांना तीन तीनदा विचारून घेतो, घाम पुसतो. आणि रोज हरतो. आतापर्यंत दोनशे अकरा डाव झाले, एकही जिंकलेला नाही.

परवा साहेबांनी वैतागून पानंच भिरकावली.

"काय रे हा खेळ! रोजंदारीवर होतास तेव्हा एकोणतीस काढलेस. तुम्ही लोक एकदा कायम झालात, की कामच करत नाही!"