दंताजीरावांची काळी गाडी

एका जंगलात, जिथे गाडी लावायला अजून जागा मिळत होती, दंताजीराव नावाचं एक रानडुक्कर राहत होतं. त्यांच्याकडे काळीभोर मोटार होती.

जंगलात पेट्रोल कुठून आलं, असं विचारू नका बाळांनो. डुक्कर मोटार चालवतं, हे तुम्ही निमूटपणे ऐकून घेतलंत. मग पेट्रोलवरच का अडता?

तर ही गाडी तीन वर्षांपूर्वी घेतलेली. दर रविवारी ती तळ्यापर्यंत जायची आणि परत यायची. दंताजीराव स्वतः दिवसभर चिखलात लोळत, पण गाडीच्या चाकाला चिखल लागला की त्यांना जेवण जात नसे.

आता रानडुकरांची एक रीत सांगायला हवी. रानडुक्कर ज्याला आपलं मानतं, त्याला अंग घासतं. बायको असो, पोरं असोत, दारचं झाड असो, जे आपलं ते घासायचं. दंताजीराव रोज सकाळी चूळ भरून गाडीला पाठ घासत. पाच मिनिटं डावीकडून, पाच मिनिटं उजवीकडून. त्यांच्या पाठीवर तारेसारखे राठ केस होते आणि केसांत आदल्या दिवशीची वाळू असायची. घासून झालं की ते डोळे मिटून म्हणत, "माझी गं बाई ती!"

दिवाळीला पंधरा दिवस उरले आणि त्यांच्या बायकोनं, सुगंधाबाईंनी, विषय काढला.

"अहो, यंदा भाऊबीजेला मला माहेरी गाडीतून न्यायचं."

"वाटेत धूळ फार असते गं."

"लग्नात माझा दादा काय बोलला, विसरलात?"

दंताजीराव विसरले नव्हते. सुगंधाबाईंचा भाऊ मुसंडीराव भर मांडवात म्हणाला होता, 'ह्या नवऱ्याचं सोताचं असं हाय तरी काय? लोळतो तो चिखलबी शेजाऱ्याचा!' सगळं वऱ्हाड हसलं होतं. दंताजीरावांच्या ते अजून जिव्हारी लागलेलं होतं.

"दादाला दिसू दे आपलं स्वतःचं काही आहे ते," सुगंधाबाई म्हणाल्या. "नाहीतर मी चालत जाईन. आणि तिथेच राहीन."

एवढं ऐकल्यावर धुळीचा विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी गाडी उन्हात काढली. वर फांदीवर कावळा बसला होता. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, म्हणून तो बोलला.

"गाडीवर कोळ्यानं जाळं विणलंय वाटतं?"

दंताजीरावांनी वाकून पाहिलं. काळ्या रंगावर ऊन पडलं होतं आणि त्या उन्हाभोवती हजारो बारीक बारीक ओरखडे गोल गोल चमकत होते. सावलीत यातलं काहीच दिसत नसे. 

"हे कुणी केलं?" ते ओरडले.

पहिला संशय साळिंदरावर गेला. साळिंदरानं शपथ घेतली. मग सुतार पक्ष्याला बोलावलं. तो म्हणाला, "मी भोकं पाडतो. असलं नाजूक काम मला येत नाही." त्या आठवड्यात दंताजीरावांनी अर्ध्या जंगलाशी अबोला धरला. सकाळी मात्र ते आणखी पाच मिनिटं जास्त घासू लागले, कारण गाडीची त्यांना फार दया येत होती.

मग माकड आलं. माकडानं मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले होते, त्यातला एक शेवटपर्यंत.

"एकदम सोपं काम आहे, काका. पॉलिशचं मशीन लावायचं. घूंऽऽ करायचं. संपलं."

दोघांनी भर दुपारी, कडक उन्हात, गाडी न धुताच मशीन चालवलं. माकडानं सांगितलं, "दाबा, काका, जोरात दाबा!" दाबण्याच्या बाबतीत रानडुकराला कुणी शिकवायला लागत नाही. थोड्या वेळानं बॉनेटवर ताटाएवढा पांढुरका डाग उठला. त्यात ऊनही दिसेना आणि दंताजीरावांचं तोंडही दिसेना.

"ओरखडे गेले की नाही?" माकड म्हणालं आणि झाडावर गेलं. ते अजून खाली आलेलं नाही.

दंताजीराव गाडीला टेकून रडले. बाळांनो, हसू नका. बायको माहेरी राहायला निघाली आणि गाडी अशी झाली, तर तुमचे बाबाही रडतील.

शेवटी ते गाडी घेऊन तळ्याकाठी कासवआजोबांकडे गेले. कासवआजोबा आपली पाठ एकशे वीस वर्षं चमकवत होते. तिच्यात पाहून बगळे भांग पाडत. सल्ला विचारायला मात्र त्यांच्याकडे कुणी जात नसे, कारण त्यांना एक वाक्य संपवायला सकाळ लागायची.

आजोबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. ती मंगळवारी संपली.

"हिला रोज कोण अंग घासतं?" त्यांनी विचारलं.

"मी. दुसरं कोण घासणार? माझी गाडी आहे."

"आणि ओरखडे कुणी काढले?"

"तेच तर शोधतोय, आजोबा!"

आजोबांनी मान कवचात घेतली. आत ते बराच वेळ हसत होते असं म्हणतात. मग त्यांनी मान बाहेर काढून खरं काय ते सांगितलं. साळिंदराची माफी मागायला हवी, हा विचार दंताजीरावांच्या मनात येऊन गेला, पण राहिला नाही.

काम सुरू झालं. आधी गाडी सावलीत घेतली. दोन बादल्या मांडल्या, एक साबणाची आणि एक स्पंज खळबळून घ्यायला साध्या पाण्याची. दुसऱ्या बादलीत दंताजीराव सवयीनं जाऊन बसले. त्यांना उठवून पाणी बदललं. मग दाराच्या कोपऱ्यात, खुराएवढ्या जागेवर, मऊ स्पंजानं पॉलिश लावून पाहिलं.

"हळू," आजोबा म्हणाले. "ओरखडा भरून येत नाही. त्याच्या भोवतीचा थर अगदी किंचित घासून त्याच्या पातळीला आणायचा."

"म्हणजे एकाला वर आणता येत नाही, म्हणून बाकीच्यांना खाली आणायचं?"

"हं."

"आमच्या पंचायतीत असंच करतात," दंताजीराव म्हणाले. त्यांना काम एकदम समजलं.

आठ दिवस ते खपले. पांढुरका डागही गेला. पण एक अट होती. गाडीला अंग लावायचं नाही. सकाळी उठलं की दंताजीरावांची पाठ आपोआप गाडीकडे वळे. सुगंधाबाई त्यांना शेपटीला धरून सागाच्या झाडाकडे नेत. ते झाडाला घासत, पण मन लागत नसे.

भाऊबीजेच्या सकाळी गाडी उन्हात काढली. कावळ्यानं डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि आयुष्यात प्रथमच त्याला बोलायला काही सुचलं नाही.

माहेरच्या अंगणात सगळा गोतावळा जमला होता. सुगंधाबाई ओवाळणीचं ताट घेऊन ऐटीत उतरल्या. मुसंडीराव गाडीभोवती फिरले. वाकून पाहिलं. नाक लावून हुंगलं.

"दाजी," मुसंडीराव म्हणाले, "भाडं किती पडलं?"

"भाडं कसलं? माझी आहे गाडी! तीन वर्षं झाली!"

"तीन वर्सं?" मुसंडीराव गोतावळ्याकडे वळले. "बघा रं! तीन वर्सं ह्यांची हाय, आन् अंगाला अंग लावल्याची एक खूण न्हाई! सोताची असती तर घासली नसती व्हय?"

सगळं अंगण हसलं. लग्नात हसलं होतं तसंच.

आठ दिवस दंताजीरावांनी रात्रंदिवस राबून, खुराएवढी एकेक जागा करत, गाडी आपली असल्याचा सगळा पुरावा पुसून टाकला होता.

सुगंधाबाईंनी ताट खाली ठेवलं. पदर खोचला. तडक गाडीपाशी गेल्या आणि नव्या कोऱ्या चकाकत्या दाराला त्यांनी पाठ लावली.

खर्रर्र.

"अगं, अगं," म्हणत दंताजीराव धावले. पण जवळ गेल्यावर त्यांच्या पाठीला आठ दिवसांची आठवण झाली. डोळे आपोआप मिटले. डावीकडून पाच मिनिटं झाली, उजवीकडून पंधरा.

"माझी गं बाई ती!" ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

मुसंडीरावांनी नाक पुसलं. "चुकलो, दाजी. तुमचीच हाय. म्हंजी आमच्या सुगंधीची हाय. म्हंजी आमचीबी हायच की!"

असं म्हणून त्यांनी बॉनेटला पाठ लावली. मागून पाच भाऊ आले, सहा वहिन्या आल्या आणि एकतीस पोरं आली. एक आत्या टपावर चढली.

संध्याकाळी दंताजीराव आणि सुगंधाबाई घरी परतले. गाडी आता कोणत्या रंगाची आहे, हे कावळ्याचं अजून ठरत नाही.

तात्पर्य : वस्तूवर एकही ओरखडा नसला, तर लोक ती भाड्याची समजतात. म्हणून नवी गाडी घरी आणली की पहिल्याच दिवशी नातेवाइकांना बोलावून ती नीट घासून घ्यावी. हे जिवावर येत असेल, तर पांढरी गाडी घ्यावी. पांढऱ्यावर प्रेम दिसत नाही.