खुशीचे तीन बोटं

गाव आपोआप निरोगी होत नसते, त्याले निरोगी जाहीर करावं लागते. काम अवघड आहे, पन आमच्या पंचायतीनं ते आठ दिवसात उरकवलं.

आमचं गाव राजेगावच्या अलीकडे, रोडलेच लागून. लोकसंख्या चौदाशे, दवाखाना शून्य, पानठेले नऊ. (बंद पडलेला धरला तं दहा. बंद म्हंजे समोरून.) बस थांब्यावर माहा गुपचुपचा, म्हंजे पानीपुरीचा, ठेला आहे. नववीतच शाळा सोडली. (शाळेची बी हरकत नवती.) गुपचुपवाल्याले एक गोष्ट डॉक्टरच्या आधी दिसते: कोनाचं तोंड किती उघडते. अख्खा गुपचुप एका घासात गेला तं मानूस ठीक. फोडून खाल्ला तं मामला गडबड.

फोडून खानाऱ्यायत माहा बाप बी आहे, शालिकराम. दोन वर्सांआधी बाबा उभ्या उभ्या दहा गुपचुप गपागप खात. आता चुरा करून चमच्यानं खातेत, अन तिखट पान्याच्या जागी दही मांगतेत. तंबाखू-सुपारी घोटलेले खर्रे मातर दिवसाचे सात.

सोमवारी सरकारी दवाखान्यातल्या श्रुतिका सिस्टर आल्या. त्यायनं तोंडाच्या कॅन्सरचं समजावून सांगतलं. खर्रा, गुटखा, गुडाखू सोडा. फळं खा, पालाभाजी खा, रोज चाला. अन घरच्या घरी तपासनी: आपलेच तीन बोटं एकावर एक उभे धरून तोंडात घाला. नाइ गेले तं लगेच बालाघाटच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा, येळेवर दाखवलं तं मानूस वाचते. तपासनीची पंजी, म्हंजे नोंदवही, पंचायतीच्या सचिवाच्या हाती देली अन पुढच्या सोमवारी भरून पायजे म्हनून गेल्या.

गावानं सल्ला त्याच दिवशी अमलात आनला. चालनं जरुरी, म्हनून सगडे पानठेल्यापर्यंत गाडी सोडून पायदळ जाऊ लागले. फळं अन पालाभाजी: सुपारी झाडाले लागते, तंबाखू पाल्याची होते, दोनी रोज तोंडात जाऊन राह्यले, अशी नोंद झाली. शाळेपासून शंभर पावलात पानठेला नको, हा नियम. ठेला हलवनं म्हंजे गरिबाच्या पोटावर पाय, म्हनून शाळेचं फाटक मांगच्या भितीत काढलं. (तिकडे लगेच एक ठेला लागला, पन तो फाटकाच्या नंतर आला, म्हनून त्याचा दोष नाइ.) नशामुक्तीची शपथ बी झाली. सगड्यायच्या तोंडात खर्रा होता, बोलता कोनाले येईना. मान हलवून पारित.

मंग तपासनी. पह्यल्या दिवशी शंभर मानसायतून एकसष्ट नापास. सरपंच दुलीचंद यायले हे लय जड गेलं, कारन ‘शत-प्रतिशत नशामुक्त ग्राम’चा फलक रंगवून आला होता. त्यायचं म्हननं कायद्याले धरून होतं. कास्तकाराचे बोटं जाडे, मास्तरचे बारीक. मंग एकाले एक माप अन दुसऱ्याले दुसरं, हा कोनता न्याय? बाजारात किलो सगड्यायले एकच असते, तसे बोटं बी एकच पायजे. प्रस्ताव पारित झाला. मानक बोटं म्हनून सरपंचाची नात खुशी, वय वर्सं पाच, इचे नेमन्यात आले.

खुशीनं दोन दिवसात अख्खी यादी तपासली. (मानधन: तोंडामांगं एक चॉकलेट. त्यात तिचे दोन दात किडले, पन पंजीत दाताचा रकाना नवता.) निकाल शत-प्रतिशत. यादीतले दोघं मांगच्या वर्सी याच बिमारीनं मेले होते. त्यायले बी पास केलं. कोनाची तक्रार आली नाइ.

बाबाले प्रमानपत्र भेटलं. त्यायनं ते भितीवर टांगलं अन त्या खुशीत एक खर्रा घोटला. मी म्हनलं, बालाघाटले चला.

“काहून? पास झालो ना बे.”

माहं डोस्कं फिरलं. रविवारी ठेल्यावर गर्दी होती, सरपंच बी होते. सगड्यात मोठा गुपचुप भरून मी बाबापुढं धरला. “खा. पूरा.”

सगडे थांबले. बाबानं तोंड उघडलं. बंद रेल्वे फाटकापाशी ट्रक उभा राह्यते, तसा गुपचुप ओठापाशी उभा राह्यला. मंग फुटला. सारं पानी शर्टावर.

सरपंचानं शांतपने पाह्यलं. “गुपचुपच मोठा आहे. पंचायत त्याचं बी माप ठरवन.”

लोकायनं मान हलवली. प्रस्ताव पारित होऊनच राह्यला होता, तेवढ्यात बाबानं दुपट्ट्यानं शर्ट पुसला अन हळूच म्हनलं, “खुशीचे नको. माहेच पाहू दे.”

त्यायनं आपले तीन बोटं उभे धरले. एक गेलं. दुसरं अर्ध्यात अडकलं. मंग खिशातली खर्र्याची पन्नी काढून माह्या कचऱ्याच्या डब्ब्यात टाकली.

सोमवारी पह्यल्या बसनं आमी बालाघाटले गेलतो. डॉक्टर म्हने, कॅन्सर अजून झाला नाइ, पन चप्पल काढून दारात बसला होता. आता औषध चालू आहे, तोंड उघडायची कसरत चालू आहे. खर्रा बंद आहे. (चिडचिड चालू आहे.)

फलक रोडवर लागला. सरपंचानं नियमानं बाबाचं प्रमानपत्र वापस घेतलं. साऱ्या गावात आता नापास एकच, माहा बाप.

अन कदाचित तुमी. वाचता वाचता तुमचा हात तोंडाकडे गेला, मी गुपचुपवाला आहो, मले दिसते. तीन गेले तं बरं झालं. नाइ गेले तं बालाघाटची बस सकाळीच आहे. तिकडे जायचं भेव वाटत असन तं खुशी रविवारी घरीच असते. चॉकलेट घेऊन या.