जॅकखालचा पोळपाट

आधीच माफी मागतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. सोळाव्या वर्षी शाळा सोडून मी विलिस्टन या बर्फाळ गावी तेलविहिरींवर कामाला लागलो. तिथे ऱ्हस्व-दीर्घ कुणी विचारत नाही. शब्दही साधेच सुचतात. सांभाळून घ्या.

मी आणि माझी बायको ब्रिटा ट्रेलरमध्ये राहतो. चाकांवरचं घर. चार कोपऱ्यांना चार जॅक लावले की डुगडुगत नाही, एवढंच त्याचं कौतुक. डिसेंबरात सासूबाईंचा फोन आला.

"रविवारी येते. नाताळचे लेफ्से लाटू. आणि ते तुमचं पत्र्याचं खोकं थंडीत राहण्याजोगं आहे का, तेही बघते. एक गोष्ट जरी वाकडी दिसली तर ब्रिटाला मार्चपर्यंत घरी घेऊन जाईन."

(लेफ्से म्हणजे त्यांच्याकडच्या उकडलेल्या बटाट्याच्या पातळ पोळ्या.) मी फोनवर खोकलो. त्याचं असं आहे, की सासूबाईंना काय म्हणून हाक मारायची हे मला लग्नानंतरच्या चार महिन्यांत ठरवता आलेलं नाही. नुसतं आर्डिस म्हणावं तर उद्धटपणा, आई म्हणावं तर लगट. म्हणून मी खोकतो. (त्या वळून बघतात. काम भागतं.)

शुक्रवारी शेजारचा डेल्मर बजावून गेला, "आज रात्री उणे तीस. जॅक आत्ताच वरखाली फिरवून घे. जुनं ग्रीस पुसून टाक, थंडीत त्याचा दगड होतो. कोरडा वंगणाचा स्प्रे मार. आणि प्रत्येक पायाखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फळी ठेव, नाहीतर तो जमिनीला असा चिकटेल, की एप्रिलपर्यंत सुटायचा नाही."

मी सगळं केलं. फळ्या मात्र तीनच निघाल्या आणि प्लास्टिकच्या पिशव्याही तीनच. हात गारठलेले, अंधार पडत आलेला. आत शिरलो तर सोफ्यामागे एक लाकूड दिसलं. गोल, जाड, गुळगुळीत. जणू जॅकसाठीच घडवलेलं.

तो लेफ्से लाटायचा पोळपाट होता. ब्रिटाच्या पणजीबरोबर नॉर्वेहून बोटीतून आलेला, लग्नात सासूबाईंनी दोन्ही हातांनी दिलेला. पण सासूबाई रविवारी येणार होत्या. म्हटलं, एका रात्रीचा तर प्रश्न!

शनिवारी सकाळी दहाला त्या दारात उभ्या.

"वादळ येतंय म्हणे. म्हटलं, आजच निघावं."

मी खोकलो.

त्यांनी कोट काढायच्या आधी बटाटे उकडायला टाकले. खिडकीच्या फटीवर हात धरून पाहिला, हीटरवर धरला, आणि मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. "पोळपाट कुठाय?"

"सोफ्यामागे," ब्रिटा म्हणाली.

"मी आणतो!" म्हणालो आणि किटली उचलून बाहेर पळालो.

"अरे, सोफा इकडे आहे!" ब्रिटा मागून ओरडली.

ट्रेलरखाली पोटावर सरपटत गेलो. पोळपाट जमिनीला असा बसला होता, की जमिनीलाच पोळपाट फुटलाय असं वाटावं. हँडल हलेना. किटलीतलं उकळतं पाणी ओतलं. कट्ट! जॅक सुटला. दहा दणदणीत फेऱ्यांत त्याचा पाय वर गेला, आणि तो कोपरा चार बोटं खाली बसला.

वर काहीतरी घरंगळत गेलं. मग सासूबाईंचा आवाज. "ब्रिटा, बटाटे धर!"

तोवर ओतलेल्या पाण्याचा बर्फ झाला होता. पोळपाट आता काचेच्या पेटीतल्या वस्तूसारखा खाली स्वच्छ दिसत होता, एवढाच फायदा. मी हातोडी घेतली.

"खाली काय ठोकतोयस?" फरशीतून आवाज आला.

"उंदीर!"

"हातोडीने?"

"मोठा आहे!"

"ब्रिटा, बॅग भरायला घे," सासूबाई म्हणाल्या. हे मात्र हळू म्हणाल्या, आणि तेच मला सगळ्यात स्पष्ट ऐकू आलं.

मग मी कसा ठोकत सुटलो ते विचारू नका. मार्चपर्यंत या खोक्यात एकट्याने राहायचं, या विचाराने हाताला बळ आलं. तासाभराने पोळपाट निघाला. मधोमध जॅकच्या पायाचा चौकोनी ठसा, कडेला एक टवका गायब. माझ्या भुवयांवर बर्फ, नाक लाल. तसाच आत गेलो आणि पोळपाट सासूबाईंच्या पुढे धरला.

"मी जॅकखाली ठेवला होता," म्हणालो. "दुसरी फळी नव्हती. माझं चुकलं. पण ब्रिटाला नेऊ नका."

ब्रिटाने हातातली बॅग खाली ठेवली. सासूबाईंनी पोळपाट उलटा केला, नखाने खरवडला.

"हा होय," त्या म्हणाल्या. "हा दुकानातला. पणजीचा माझ्या गाडीच्या डिकीत आहे."

"म्हणजे... लग्नात..."

"ब्रिटाला मागणी घालायला आलास, तेव्हा गाडी मागे घेताना आमच्या फाटकाचा खांब पाडलास. त्याच आठवड्यात हा विकत आणला. तुझ्या घरात पणजीची वस्तू देईन मी?"

आभार मानावेत म्हणून तोंड उघडलं, पण कोणत्या नावाने सुरुवात करायची ते सुचेना. मी खोकलो. घाईत दोनदा खोकलो.

सासूबाईंनी माझ्या कपाळाला हात लावला. "ऐकलंस ग? आल्यापासून खोकतोय. ब्रिटा, तू कुठे जाऊ नकोस. याला सोडून चालायचं नाही." मी ब्रिटाकडे बघून हसतोय तोच त्या पुढे म्हणाल्या, "मीच राहते. मार्चपर्यंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोफ्यावरून उठलो (पलंग आता त्यांचा), दुकानातला पोळपाट दोन पिशव्यांत गुंडाळून चौथ्या जॅकखाली ठेवला, स्प्रे मारला, आणि तिथेच उताणा पडून हाक मारायचा सराव केला. "आर्डिस. आर्डिसबाई. आई. अहो आई."

वरची खिडकी उघडली. "काय रे?"

मी खोकलो.