बंडप्पांच्या दावणीला इटालियन जोडी

माझं नाव महारुद्र. डिटेक्टिव्ह महारुद्र कोण, हे धाराशिवपासून वाशीपर्यंत कुणालाही विचारा. ऐंशी टक्के लोक म्हणतील, "कोण?" गुप्तहेराला याहून मोठं सर्टिफिकेट नाही. माझी नजर घारीची, कान सशाचे आणि नाक बारा महिने चोंदलेलं, पण त्याचाही मी वेषांतरासाठी उपयोग करून घेतो. माझी असिस्टंट महेश्वरी, जी माझी बायकोही आहे, लोकांना सांगत फिरते की गेल्या साली यांनी हरवलेली म्हैस शोधायला चार दिवस लावले आणि ती मालकाच्याच गोठ्यात निघाली. अहो, पण निघाली ना?

मला फक्त एक गोष्ट येत नाही, ती म्हणजे गाडी चालवणं. स्कूटी महेश्वरी चालवते. मी मागं बसून विचार करतो.

त्या शुक्रवारी आम्ही असेच सास्तूरला पोचलो. बोलावणं रुद्रेशचं होतं. हा तिथल्या बंडप्पांचा थोरला मुलगा, खडी क्रशरचा मालक. ट्रॅक्टर आल्यापासून बैल नुसते बसून खातात म्हणून त्यानं गेल्या साली घरची बैलजोडी विकली आणि मोकळ्या झालेल्या गोठ्यात इटलीची नवीकोरी लाल स्पोर्ट्स गाडी आणून उभी केली. गाडीचं नाव मी सांगणार नाही. व्यावसायिक गुपित आहे, शिवाय ते माझ्या तोंडात बसत नाही.

बैल गेले त्या दिवसापासून बंडप्पा पोराशी बोलायचे बंद झाले. अकरा महिने. ताटात मीठ कमी पडलं तरी ते बायकोकडं बघून म्हणायचे, "गिरिजे, त्येला म्हणावं मिठाची बरणी सरकव." बरणी असायची रुद्रेशच्या हाताशी आणि रुद्रेश वीतभर अंतरावर. मग एक दिवस गिरिजाबाईंच्या मार्फत नवा निरोप आला: "त्येला म्हणावं, दावणीला एकटं जनावर बांधू न्हाय. जोड लाव, मग बसतो तुज्या गाडीत."

रुद्रेशनं महिनाभर मोबाईलवर अभ्यास केला. नव्या इटालियन गाडीशेजारी जुनीच इटालियन शोभते, असा निष्कर्ष काढला आणि पुण्याच्या एका शौकिनाकडून दोन जुन्या गाड्या पसंतीसाठी लॉरीवर घालून आणल्या. एक लाल, पाचरीसारखी, बटण दाबलं की डोळे उघडणारी. दुसरी दुधाच्या सायीच्या रंगाची, गोल नाकाची, उघड्या टपाची, आणि जरा चालली की दम खाणारी. रुद्रेशचा जीव लालवर होता, रंगाला रंग जुळतो म्हणून. रविवारी लॉरी येऊन नापसंत गाडी परत नेणार होती.

"पण रोज दुपारी कुणीतरी गोठ्यात शिरतंय," रुद्रेश म्हणाला. "गाडीला काय झालं तर तो पुण्याचा माणूस दोन्ही घेऊन जाईल. मग आप्पा जल्मात बोलायचे न्हाईत माझ्याशी." एवढा खडी फोडणारा माणूस, पण त्याच्या दोन्ही डोळ्यांतून एकेक थेंब गळाला. मी वहीत लिहिलं: अश्रू, एक जोडी.

गोठ्यात मी तीन पुरावे गोळा केले. एक, भिंतीवर प्रत्येक गाडीमागं चुन्याची आडवी रेघ. दोन, खुंटीला एक दोरी, तिला दोन गाठी. तीन, सायीच्या रंगाच्या गाडीच्या नाकासमोर पिवळट भुगा. स्फोटक असावं म्हणून मी जिभेवर ठेवून पाहिलं. चव ओळखीची वाटली.

"सरकीची पेंड हाय ती," महेश्वरी म्हणाली. "थुंका."

मी थुंकलो नाही. पुरावा असा वाया घालवत नाहीत.

माझा पहिला सिद्धांत सरळ होता. इटलीची टोळी आपला माल परत न्यायला आली आहे, आणि कंटेनरमध्ये बसवायला मापं घेते आहे. म्हणजे गावात परका माणूस हवा. तासाभरात मी काळा चष्मा लावून पारावर बसलेला एक संशयित पकडला. ते निवृत्त गुरुजी निघाले. मोतीबिंदूचं ऑपरेशन मंगळवारीच झालं होतं. त्यांनी मला ओळखलं नाही, पण आवाजावरून म्हणाले, सातवीत गणितात नापास झालेला तो तूच का. मी तपासाची दिशा बदलली.

दुसरा सिद्धांत करणीचा. चुना, गाठी, भुगा, सगळं जुळत होतं. संशय गिरिजाबाईंवर आला, कारण माझ्या पुढ्यात चहा ठेवताना त्या हसल्या. मी कप बशीनं झाकून ठेवला. महेश्वरीनं माझा चहा पिऊन टाकला आणि तिला काहीच झालं नाही, तेव्हा तो सिद्धांतही गेला.

तिसरा सिद्धांत शनिवारी सकाळी सुचला आणि मी स्वतःच हादरलो. गुन्हेगार खुद्द रुद्रेश. तेच त्याला तोंडावर सांगितलं. तो माझ्या कपाळाला हात लावून महेश्वरीला म्हणाला, "वहिनी, ह्यांना ऊन लागलंय का?"

म्हटलं, आता रंगेहाथ पकडायचं. दुपारी जेवणं झाल्यावर मी गोठ्यात कडब्याच्या पेंढ्या अंगावर घेऊन दडून बसलो. महेश्वरीला ओसरीवर पहाऱ्याला बसवलं, तर ती गिरिजाबाईंबरोबर शेंगा फोडत बसली. मी डोळे मिटून कानांवर लक्ष एकाग्र केलं. त्याला काही लोक झोप म्हणतात.

जाग आली तेव्हा गोठ्यात दोन माणसं होती. एकानं सायीच्या रंगाच्या गाडीच्या पाठीवर थाप मारली. दुसरा खाली वाकून पुढच्या जाळीच्या पट्ट्या बोटानं मोजत होता. मी पेंढ्यांसकट झेप घेतली आणि पुढच्याला धरलं. तो हुबेहूब बंडप्पांसारखा दिसत होता. वेषांतर पक्कं होतं. मी मिशी ओढली.

ती निघाली नाही. ते बंडप्पाच होते.

आरडाओरडा ऐकून सगळे धावले. महेश्वरी शेंगा खात आली. तिला बिलकुल आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"आवो, सोडा त्यांची मिशी," ती म्हणाली. "म्या मघाशीच गिरिजाकाकूंना इचारलं, गोठ्यात कोण येतं म्हणून. त्या म्हणल्या, आमचं म्हातारं येतंय बिरदेवमामाला घेऊन."

"मग तुम्ही आधी का सांगितलं नाही?" मी गिरिजाबाईंना दरडावलं.

"मला कुणी इचारलंच न्हाय," त्या म्हणाल्या. "तुमी तर चहा बी झाकून ठिवला."

बिरदेवमामा म्हणजे मुरूम गावच्या बैलबाजारातले जुने दलाल. जुळवून दिलेली बैलजोडी त्यांच्या शब्दावर गावोगाव खपायची. मग बंडप्पांनी मिशी सावरत सगळं सांगितलं, अर्थात गिरिजाबाईंकडं बघून. जोड लावायची म्हणजे खांद्याला खांदा जुळावा लागतो, नाहीतर जू एकीकडं कलंडतं. दोरीच्या गाठी त्याच मापाच्या आणि भिंतीवरच्या रेघा खांद्यांच्या उंचीच्या. पट्ट्या मोजल्या ते दात बघून वय ताडायला. आणि पेंड?

बंडप्पा जरा लाजले. "जनावर बघाय रिकाम्या हातानं जावं का?"

बंडप्पांनी गिरिजाबाईंना सांगितलं, "त्येला म्हणावं, लाल परत धाड. रंग घिऊन काय करायचा. तुजं नवं खोंड उधळतंय, त्येच्या जोडीला जुनं, शाणं जनावर लागतं. हे सायीच्या रंगाचं ठेव."

"आई, आप्पांना सांग, ती सारखी बंद पडती," रुद्रेश म्हणाला.

"त्येला म्हणावं, बसून बघू."

रुद्रेश सायीच्या रंगाची गाडी चालवत निघाला आणि आम्ही सगळे मागं चालत निघालो. चालत जाऊनही आम्ही गाडीच्या पुढं जात होतो. बंडप्पा शेजारच्या शिटावर पटका सांभाळत ताठ बसले होते. वेशीपाशी गतिरोधक आला तशी त्यांनी सवयीनं बैल थांबवायची हाळी दिली, "होऽ, हो." त्याच क्षणाला इंजिननं एक उसासा सोडला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली.

बंडप्पांनी मान वळवली. पण इथं मध्ये गिरिजाबाई नव्हत्या.

"बग, रुद्र्या," ते म्हणाले, "ऐकतंय."

रुद्रेशनं स्टिअरिंग सोडलं. तो हसत होता आणि बाहीनं डोळे पुसत होता. अकरा महिन्यांनी बापानं त्याला नाव घेऊन हाक मारली होती आणि तीही रुद्र्या म्हणून. मलाही भरून आलं, पण नाक आधीच चोंदलेलं असल्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही.

बंडप्पांनी मग चुचकारलं, पाठीवर थोपटलं, पण गाडी काही हलेना. शेवटी ढकलत घरी न्यायचं ठरलं. स्टिअरिंगवर कुणीतरी हवं म्हणून मला बसवलं. मी विरोध केला नाही, केस माझी होती. मागं बाप आणि लेक, दोघांनी शेजारी शेजारी खांदा लावला आणि गाडी निघाली.

बिरदेवमामा पाच पावलं मागं थांबले. एक डोळा बारीक करून त्यांनी या खांद्यावरून त्या खांद्यावर नजर नेली.

"जोड जमली," ते म्हणाले.

मी आतून ओरडून सांगितलं की हे सगळं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"आवो, पुढं बघा," महेश्वरी म्हणाली.

पुढं कडब्याची गंजी होती. मी बंडप्पांसारखंच "होऽ, हो" म्हणालो. गाडीनं माझं ऐकलं नाही.